सर्वे नंबर एकेचाळीसचे गोटे

भादव्यातल्या एका दुपारी पाथरडोहच्या डोंगरावर आभाळ फाटलं आणि दोन घटकांत दोन गोष्टींनी आपापली जागा बदलली. तानुबाईच्या वावरातली माती खाली नाल्यात गेली, आणि वरच्या जंगलातले गोटे तानुबाईच्या वावरात येऊन बसले. बसले तेही असे ऐसपैस, की पाहणाऱ्याला वाटावं, खातेदार हेच आहेत आणि ही बाई कोणीतरी वाटसरू कडेच्या धुऱ्यावर उभी आहे.

सहा एकर वावर. सर्वे नंबर एकेचाळीस. वर सरकारी जंगल, खाली सरकारी जंगल आणि मधात हे. त्यातलं चार एकर तव्यावरून भाकर उचलावी तसं पाण्यानं उचलून नेलं होतं. खालचा पिवळा मुरूम उघडा पडला होता, आणि उरलेलं दोन एकर गोट्यांखाली होतं. बाभळीखाली ठेवलेला वखरही दिसत नव्हता.

"वखराले नवी पास लावली होती," तानुबाई नवऱ्याला म्हणाली. त्या दिवशी ती तेवढंच बोलली. चार एकरांचं रडणं एकदम येत नाही. माणूस आधी त्या हातभर लोखंडी पात्याचं रडून घेतो.

सरकार आलं ते माघात, वाळलेल्या नाल्यातून, घोड्यावर बसून. पूर ओसरून पाच महिने झाले होते, पण सरकारच्या मानानं हे लवकरच म्हणायचं. रेंजर साहेब, साहेबांचा नकाशा, नकाशाची नळी धरायला एक माणूस, आणि जंगलाचा नाकेदार नारायणराव. डोंगर पुन्हा वाहून जाऊ नये म्हणून योजना मंजूर झाली होती. उताराला कुंपण घालून गुरं बंद करायची, खड्डे खोदून रोपं लावायची, नाल्यांना दगडी बांध घालून माती अडवायची. योजनेत खोट काढायला जागा नव्हती. पाचशे रोपांना कुंपण पाहिजे म्हणून पुरात टिकून राहिलेली धावड्याची दीडशे झाडं तोडून त्यांचे खांब केले, एवढंच. ती झाडं जुनी होती आणि योजना नव्या झाडांची होती.

बांधाच्या कामाला माणूस पाहिजे होता. तानुबाईचा नवरा उकंडराव कोरडा दगड रचण्यात पंचक्रोशीत नावाजलेला. ना चुना, ना चिखल. गोटा हातात घेऊन तो दोनदा फिरवायचा. तिसऱ्यांदा फिरवावा लागला तर खाली ठेवून द्यायचा. बोलणं मात्र त्याला रचता येत नसे. साहेबासमोर त्याचे हात आपोआप जुळायचे.

पण त्या दिवशी साहेबांनी नकाशावर बोट ठेवून बांधाची जागा दाखवली आणि उकंडरावाला राहवलं नाही.

"साहेब, तठी नाला पसरट हाय जी. पानी बाजूनं निंघून जाईन. अठी पाहा. दोन कडे जोळ आले. अठी दात आवळल्यावानी बसन बांध."

साहेबांनी नकाशा दोनदा उलटा-सुलटा करून पाहिला आणि आपल्या मनात हीच जागा होती असं सांगितलं.

"गोटे कुठून आनतं बे?" नारायणरावानं विचारलं.

"माह्या वावरात हायेत ना बाप्पा. पायजे तितके."

दोन महिने वावरातून गोट्यांच्या गाड्या खाली उतरत होत्या. नाकेदारानं आपल्या वहीत रीतसर लिहून घेतलं : सर्वे नंबर एकेचाळीसमधून, पुरानं आलेले गोटे, अमुक गाड्या. वावरातल्या गोट्यांना त्यानं फरक पडला नाही. पोत्यातून मूठभर दाणे काढावेत तसं झालं.

संध्याकाळी भाकरी मोडताना उकंडराव एकटाच हसला.

"काय झालं?" तानुबाईनं विचारलं.

"सरकार आपल्या मातीले कुलूप लावून राह्यलं. आपल्या वावराखाली हाकेच्या अंतरावर. पावसाळ्यात सारी माती येऊन बसन तठी. उन्हाळ्यात आपन टोपल्यानं वर आनू."

"आन् कुलपाची किल्ली?"

उकंडरावानं दोन्ही पंजे पुढं केले. त्यावर गोट्यांनी खरवडलेल्या रेघा होत्या. "हे काय."

तानुबाईला नवऱ्याचा इतका अभिमान लग्नानंतर पहिल्यांदाच वाटला. सरकारला कुठं काय बांधायचं हे सांगणारा माणूस आपल्या घरात भाकर खातो आहे, म्हणजे काय लहान गोष्ट झाली!

पावसाळा आला, गेला. त्या साली एकेचाळीसमध्ये पेरायला काही नव्हतंच. पोरगा खामगावच्या कापसाच्या जिनात कामाला गेला. तानुबाई आणि सून शालू लोकांच्या वावरात निंदायला जात. पण मान वळवून दोघी नाल्याकडं पाहत. बांध हलला नाही. गढूळ पाणी त्याच्या पोटाशी यायचं, थांबायचं, खांद्यावरचं ओझं उतरवायचं आणि हलकं होऊन पुढं जायचं. पौषात चिखल वाळून भेगा पडल्या तेव्हा बांधामागं छातीएवढी माती साठली होती. काळी, लोण्यासारखी.

तानुबाईनं त्यात कोपरापर्यंत हात घातला. वासावरूनच तिला कळलं. शिवाय हाताला काहीतरी कडक लागलं, ते ओढून काढलं तर वखराची पास. गंजलेली, पण सरळ. ती पदरानं पुसून तिनं कपाळाला लावली.

त्याच आठवड्यात कोतवालानं चावडीवर नोटीस वाचून दाखवली. पुरानं खरवडलेल्या ज्या वावरात येत्या मृगात पेरणीची तिफन चालणार नाही, ते पडीत धरून डोंगर सावरण्याच्या योजनेत, म्हणजे जंगलात, सामील केलं जाईल.

"चालन," तानुबाई म्हणाली. "आपली तिफन चालन."

दुसऱ्या दिवसापासून तिघं माती वाहू लागली. उकंडराव लोखंडी सब्बलीनं गोटे सरकवून वावरात जागा करायचा आणि पावड्यानं टोपली भरून द्यायचा. सासू-सुना डोक्यावर चुंबळ ठेवून चढायच्या. ती चढण दोनशे पावलांची, पण ओल्या मातीचं टोपलं डोक्यावर असलं की पन्नासाव्या पावलाला गुडघा बोलायला लागतो आणि शंभराव्याला मान आत जाते. पायाची बोटं मुरमात रुतवत चढावं लागे. दुपारपर्यंत चुंबळ घामानं इतकी भिजायची की पिळून दगडावर वाळत घालावी लागे.

"आत्याबाई," शालू धापा टाकत म्हणायची, "माहेरी गेलो का सांगन मी. सारे लोक वावरात जातेत, आमचं वावर आमच्या डोक्यावरून येते."

"सांग ना. म्हन, सासरी लय मोठी जमीन हाय. एका फेऱ्यात येत नाई."

सहा दिवसांत खळ्याएवढी जागा काळी झाली. तानुबाईनं त्यात अनवाणी चालून पाहिलं. टाच आत जात होती. तिला वाटलं, मृगापर्यंत एक एकर तर कुठंच गेलं नाही.

सातव्या दिवशी नाकेदार नारायणराव आला. तानुबाई भरलेलं टोपलं घेऊन चढत होती. तो वाटेत आडवा उभा राहिला.

"खाली ठेव थे."

"काय जी?"

"टोपलं. सरकारी माल हाय."

तानुबाईनं मागं वळून पाहिलं. तिला वाटलं, सरकारी माल घेऊन मागं कोणी उभं असेल. मागं शालू होती, तिच्या डोक्यावरही टोपलंच.

"माती हाय हे, भाऊ."

"मी काय साखर म्हनून राह्यलो? जंगलात सापडली का नाई? मंग जंगलाचा माल. परवाना हाय?"

"आमच्या वावरातून गेली ना थे! तुमच्या डोयासमोर गेली."

"गेली तवा तुमची होती. अडली तवा सरकारची झाली. अडवली कोनं? सरकारनं."

"बांध कोनं घातला?"

"सरकारनं," नारायणराव म्हणाला, आणि बांध घालणाऱ्या माणसाकडं न पाहता उकंडरावाला म्हणाला, "पावडं दे इकडं."

तानुबाईनं ओच्यातून वखराची पास काढली. ती रोज जवळ ठेवायची. "हे पाहा. आमच्या वखराची. नवी होती. पुरात गेली आन् याच मातीत सापडली. मातीनंच आनून देल्ली. आता बोला, कोनाची माती?"

नारायणरावानं पास हातात घेऊन उलटून-पालटून पाहिली. पुरावा चांगला होता. "हेही जप्त," तो म्हणाला.

तीन टोपली, एक पावडं, एक पास. एवढ्यावर थांबला असता तर गोष्ट वेगळी झाली असती. पण नारायणरावाला कायद्याचं अंग होतं. त्यानं शालूला ओचा झाडायला लावला. पदर झाडायला लावला. भर उन्हात, सासऱ्यासमोर. "पायाची घासून घ्या," तो म्हणाला. "अंगावर घेऊन कोनी जाऊ नोका. रुलात सारं येते."

तानुबाईनं एक पाय गोट्यावर घासला. मग दुसरा. टाचेच्या भेगांतली माती निघत नव्हती, तर नाकेदारानं काडी दिली. उकंडराव हात जोडून उभा होता. त्याच्या नखांत माती होती, पण नखांबद्दल नारायणराव काही बोलला नाही. नखांचा रूल बहुधा वरच्या साहेबांकडं असावा.

पंचनाम्यावर अंगठा घ्यायचा तर तानुबाईचा अंगठा मातीनं भरलेला. नारायणरावानं आधी तो फडक्यानं पुसून घेतला आणि फडकं बांधामागं झटकलं.

तिघं घरी आली. शालू आत जाऊन भिंतीकडं तोंड करून बसली. उकंडराव म्हणाला, "जागा म्याच दाखवली. साहेबाच्या मनात खालची होती. तठी बांधला असता त फुटून गेला असता, आन् माती..." पुढं त्याला रचता आलं नाही.

"रडू नोका," तानुबाई म्हणाली. पूर आला, नेलं, गेला. पुरानं तिला पाय घासायला लावले नव्हते.

शुक्रवारी जानेफळचा बाजार. रेंजर साहेबांचा मुक्काम तिथंच होता. तानुबाई नवऱ्याला घेऊन गेली. साहेब सज्जन होते. त्यांनी दोघांना पायऱ्यांपाशी बसू दिलं.

"कायदा आहे, बाई. मी थोडाच केला? अडवलेली माती योजनेची आहे. तिच्यावर झाडोरा वाढायचा आहे."

"आन् आमचं वावर, साहेब? मृगात तिफन नाई चालली त तुम्ही घेऊन जासान."

"त्यातही झाडं लावू. पुढंमागं तुम्हालाच सावली होईल."

तानुबाई उठली. सावलीत बसून काय खायचं हे तिनं विचारलं नाही. साहेबांनी त्याचंही उत्तर दिलं असतं.

बाजारात लिंबाखाली रहेमतुल्ला अर्जनवीस बसायचा. नाकावर चष्मा, चष्म्याला कानामागून दोरा, पुढ्यात पेटी. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि पेटीच्या तळातून एक फाटकं पुस्तक काढलं.

"नाकेदार झूट नाही बोलला, बाई. इथं लिवलं हाय. लाकूड, कोळसा, डिंक, लाख, मध, मेन, शिंगं, हाडं, पालापाचोळा, वरची माती, गोटे. जंगलात असन तरी, जंगलातून आलेलं असन तरी. सारा जंगलाचा माल."

"पुन्हा वाचा, चाचा."

"मातीचं?"

"नाई. त्याच्या पुढचं. गोट्याचं."

रहेमतुल्लानं चष्मा वर सरकवला. "गोटे. जंगलात असन तरी, जंगलातून आलेले असन तरी."

"कोनं आनलेले, हे लिवलं हाय?"

"माणसानं म्हनून बी नाही, पुरानं म्हनून बी नाही. आले म्हंजे आले."

"आन् असा माल कोनी परवान्याबिगर आपल्याजोळ ठेवला त?"

"गुन्हा." एवढं बोलून रहेमतुल्ला थांबला. चष्म्यावरून त्यानं तानुबाईकडं पाहिलं. मग हळूच पुस्तक मिटलं. "या अल्ला! बाई, तू त लय दिवसांची गुन्हेगार हायस."

शनिवारी सकाळी तानुबाई नाक्यावर हजर झाली. नाका म्हणजे सडकेच्या कडेला एक खोली आणि पुढं ओसरी. नारायणराव दाढी करत होता.

"भाऊ, माह्या वावरात सरकारचा माल पडून हाय. दीड वर्स झालं. घेऊन जा."

"कोनता माल?"

"गोटे. तुमच्या जंगलातून आले. म्या नाई आनले, पन माह्याजोळ हायेत. मले चोरीचा आळ नको."

"डोकं फिरलं का वो तुहं? गोटे कोन नेते?"

"तुम्ही नाई नेत त मी आनून देतो."

नारायणराव हसला. गालावर साबण होता म्हणून पुरतं हसता आलं नाही.

त्या दिवशी तिघांनी मिळून चाळीस गोटे आणले. वावर ते नाका पाव कोस. उताराची वाट, पण गोटा डोक्यावर घेऊन उतरणं चढण्याहून वाईट; प्रत्येक पावलाला मानेत खटका बसतो. चुंबळीखालचे तानुबाईचे केस दोन दिवसांत झडले. शालूच्या पायावर एक गोटा निसटला, अंगठ्याचं नख काळं पडलं. चिंधी बांधून ती पुन्हा निघाली. "बस जराशीक," तानुबाई म्हणाली, तर म्हणे, "पदर झाडाले लावला ना त्यानं, आत्याबाई." मग तानुबाईनं तिला बस म्हटलं नाही.

दर खेपेला तानुबाई ओसरीपुढं गोटा ठेवून म्हणायची, "जमा करून घ्या. पावती द्या."

पावती मिळायची नाही. ती पुढचा गोटा आणायला जायची.

गोट्यांचा नुसता ढीग पडला असता. पण उकंडरावाला ढीग पाहवत नसे. तिसऱ्या दिवशी तो नाक्यापुढं बसला आणि रचू लागला. दोनदा फिरवून, बसवून, सांध्यात दगडाची चीप मारून. आठव्या दिवशी नाक्याला तीन बाजूंनी छातीएवढी भिंत झाली. नारायणरावाला जायला-यायला एक फट ठेवली होती. नाकेदार पोटानं भरलेला. त्या फटीतून त्याला श्वास आत घेऊन आडवं निघावं लागे.

गावातले लोक नाक्यावरून मुद्दाम जाऊ लागले. कडूबा नावाचा म्हातारा दोन गोटे छातीशी धरून आला. "माह्याही वावरात सरकारचे दोन राह्यले होते," म्हणाला. "रात्रभर झोप नाई आली, बाप्पा."

"उचला हे सारं!" नारायणराव फटीतून ओरडला.

"कसे उचलू?" तानुबाई म्हणाली. "जंगलाचा माल हाय. परवाना द्या."

परवाना नाकेदाराच्या हातात नव्हता. माल जमा करून घ्यायचा तर नोंदवायला हवा, नोंदवला तर राखायला हवा, आणि सहा एकरांतले बाकी गोटे अजून वरच होते. त्यानं जानेफळला माणूस धाडला. रेंजर साहेब दुसऱ्या दिवशी घोडा दामटत आले, कारण गुरुवारी नागपूरचे बडे साहेब योजनेतला सगळ्यात उत्तम बांध पाहायला येणार होते आणि त्यांचा चहा नाक्याच्या ओसरीवर ठरला होता.

तानुबाईनं रहेमतुल्लालाही बोलावून घेतलं होतं. तो गोट्यावर पेटी मांडून बसला होता.

"हा काय तमाशा आहे?" साहेब म्हणाले.

"तमाशा नाई, साहेब. तुमचाच माल हाय. माती तुमची, त गोटेही तुमचेच. एका वळीत लिवले हायेत."

साहेबांनी रहेमतुल्लाकडं पाहिलं. रहेमतुल्लानं पुस्तक अदबीनं पुढं केलं. साहेबांना ते वाचायची गरज नव्हती. पाठ होतं, आणि तीच अडचण होती.

"बाई, सरकारला हे गोटे नकोत."

"तसं लिवून द्या."

"तोंडी सांगतो आहे ना!"

"तोंडी सांगतलेलं मी आयकलं, साहेब. पंचनाम्यावर अंगठा मात्र कागदावर घेतला."

साहेबांनी भिंतीकडं पाहिलं, फटीकडं पाहिलं, फटीत अडकून उभ्या असलेल्या नारायणरावाकडं पाहिलं. मग घोड्याच्या खोगिरावर कागद ठेवून लिहिलं. हुशार माणूस; पुन्हा भानगड नको म्हणून पक्कं लिहिलं. रहेमतुल्लानं मोठ्यानं वाचून दाखवलं :

"सर्वे नंबर एकेचाळीसमध्ये पुरानं आलेल्या गोट्यांवर सरकारचा हक्क नाही. ते सर्व खातेदाराचे समजावेत. सध्या ते जिथं कुठं असतील, तिथून खातेदारानं गुरुवारच्या आत उचलून न्यावेत."

"सही?" तानुबाईनं विचारलं.

"हाय. तारीख बी हाय."

तिनं कागदाची घडी करून ओच्यात ठेवली, जिथं पूर्वी पास असायची. मग नवऱ्याला म्हणाली, "सब्बल घ्या."

उकंडराव नाक्याच्या भिंतीकडं वळला.

"हे मंग उचलू," तानुबाई म्हणाली. "आधी लांबचे."

ती नाल्याच्या वाटेला लागली. मागून शालू लंगडत, उकंडराव सब्बल घेऊन, रहेमतुल्ला पेटी बगलेत मारून. साहेबांना आधी काही कळलं नाही. नारायणरावाला कळलं. वहीत त्यानंच लिहिलं होतं. तो फटीतून सुटायला धडपडला आणि कोटाचं एक बटण भिंतीला देऊन बाहेर पडला. मग नाल्याकडं पळता पळता त्यानं घोड्यावरच्या साहेबांना सांगितलं.

ते पोचले तेव्हा उकंडराव बांधावर उभा होता. सब्बलीचं टोक वरच्या थरातल्या मधल्या गोट्याखाली होतं. हात मात्र थांबले होते. दोन महिने खपून घातलेला बांध. एवढा सरळ त्याच्या हातून पुन्हा झाला नसता.

"काढा," तानुबाई म्हणाली.

"तानू, हा निंघाला त सारा..."

"माहीत हाय मले. काढा."

त्यानं जोर दिला. गोटा कुरकुरला आणि बोटभर वर आला. बांधामागच्या मातीची एक ढपली निसटून फटीतून खाली पडली.

"थांबा! अरे थांबा!" साहेब घोड्यावरूनच ओरडले. "सरकारी बांध आहे तो!"

"बांध असन सरकारचा," तानुबाई म्हणाली. "गोटे एकेचाळीसचे हायेत. नाकेदाराची वही पाहा, त्यानंच गाड्या लिवल्या. तुम्ही म्हतलं, जिथं कुठं असतील तिथून न्या. मी नेऊन राह्यलो. तुमची माती तुम्ही सांभाळा. उभी राहत असन त राहू द्या."

साहेबांनी कागद परत मागितला. तानुबाईनं ओच्यावर हात ठेवला. तो हात सुजलेला होता, बोटं मिटत नव्हती. पण साहेबांनी पुन्हा मागितला नाही.

नाल्यात वारा नव्हता. उकंडराव सब्बलीवर भार देऊन उभा होता. गोटा वर येईना आणि खाली बसेना.

साहेबांनी धावड्याच्या खुंटांकडं पाहिलं. मग घोडा वळवून, पाठमोरे, म्हणाले, "नारायणराव, आपण पलीकडच्या नाल्याची पाहणी करू. मृगापर्यंत तिकडंच काम आहे. इकडं काय चाललं ते आपल्याला दिसणार नाही."

"नाई," तानुबाई म्हणाली.

"आता काय नाही?"

"पाठ फिरवून नाई, साहेब. मी चोर नाई. तोंड इकडं करून सांगा."

रहेमतुल्लानं पेटी उघडली नाही, पण पेटीवर हात ठेवला.

साहेबांनी घोडा फिरवला. चेहरा लाल झाला होता. "न्या," ते म्हणाले. "तुमची माती न्या."

"आमची टोपली?"

नारायणराव नाक्यावर गेला आणि तीन टोपली, पावडं आणि पास घेऊन आला. परत येईपर्यंत कोणी हललं नाही. मग उकंडरावानं सब्बल हळूच काढली. गोटा आपल्या जागी बसला. उकंडरावानं वाकून तळहातानं तो थोपटला.

शालूनं एक टोपलं भरलं. तानुबाईनं चुंबळ डोक्यावर ठेवली. उकंडराव हात लावायला पुढं झाला, तर ती म्हणाली, "तुम्ही राहू द्या. नारायणराव उचलून देईन. त्याले वजन माहीत नाई."

नाकेदारानं साहेबांकडं पाहिलं. साहेब घोड्याची आयाळ सारखी करत होते. नारायणराव वाकला, दोन्ही कानांना धरून टोपलं उचललं, त्याच्या तोंडून आवाज निघाला, आणि काळी माती त्याच्या खाकी छातीवर, तुटलेल्या बटणाच्या जागेतून आत सांडली. टोपलं एकदाचं तानुबाईच्या डोक्यावर गेलं.

ती वळली. दोन पावलं गेली आणि थांबली. भरल्या टोपल्याखाली मान वळत नाही, म्हणून सगळी वळली.

"अंगावरची झाडून जा, भाऊ," ती म्हणाली.

नारायणरावानं छाती झाडली. बाह्या झाडल्या. चिमूटभर माती गोट्यावर पडली. शालूनं काळ्या नखाचा पाय ओढत तिथं जाऊन ती बोटांनी गोळा केली आणि आपल्या टोपल्यात टाकली.